क्लच दाबला तरी गाडी पुढे ओढते. घरीच काम करतोय, जाणकारांनी वाट दाखवा

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसीची, २०१३ सालची, ५८,००० किमी झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष गाडीचा नाही, आणि इथे जे बोलणं होईल ते ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या कुठल्याही गाडीला लागू पडेल.

त्रास असा. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला की खाडकन आवाज येतो आणि गाडी वीतभर पुढे उडी घेते. उभं असताना क्लच दाबलेला असूनही गाडी रेटत राहते, ब्रेक धरून ठेवावा लागतो. न्यूट्रल तर लागतच नाही. पहिला, दुसरा, परत पहिला. इंजिन बंद केलं की मात्र पायाच्या नुसत्या स्पर्शानं न्यूट्रल लागतं. परवा पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलो, बाजारात गर्दी होती, दर दहा पावलांवर इंजिन बंद करून न्यूट्रल लावत घरी पोचलो.

महिन्यापूर्वी एका गॅरेजात दाखवली होती. न उघडताच "प्लेटा गेल्या" म्हणाले, प्लेटा बदलल्या, १,९०० रुपये घेतले. चार दिवस बरं वाटलं आणि मग त्रास आधीपेक्षा वाढला. परत गेलो तर म्हणाले, "आता हाउसिंग टाकावं लागेल," म्हणजे प्लेटा ज्यात बसतात तो बाहेरचा डबा.

ही गाडी वडिलांची. ते गेल्यापासून मी चालवतो. विकायची नाही, आणि आता तिचं काम स्वतःच्या हातानं शिकायचं आहे. घरी रिंग पाने, बॉक्स पान्यांचा छोटा सेट, पक्कड आणि भरपूर वेळ आहे. कुठून सुरुवात करू?

लेथवाले काका | शनिवार, सकाळी १०:१५

चिरंजीव, सुरुवात इंजिनापासून करू नका. सुरुवात डाव्या हातातल्या लिव्हरपासून करा.

आधी रोग नीट ओळखू. रेस वाढवली, इंजिन ओरडलं पण गाडी पळाली नाही, तर क्लच स्लिप होतोय. क्लच दाबला तरी इंजिन चाकाला सोडत नाही, तर क्लच सुटत नाही. तुमचा दुसरा प्रकार आहे. प्लेटा झिजल्या की बहुतेक वेळा पहिला प्रकार होतो. म्हणून नुसत्या प्लेटा बदलून तुमचा त्रास गेला नाही यात नवल नाही.

आता एक हिशेब सांगतो, तो डोक्यात पक्का ठेवा. तुमच्या गाडीत समजा लायनरच्या (घर्षणाचा थर लावलेल्या) प्लेटा पाच आहेत आणि त्यांच्या मध्ये चार स्टीलच्या. एका टोकाला सगळ्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट, दुसऱ्या टोकाला हब (गिअरबॉक्सला जोडलेला मधला भाग). म्हणजे एकमेकांवर दाबून बसलेले पृष्ठभाग झाले दहा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट उचलली जाते फार तर दीड मिलिमीटर. ते दीड मिमी दहा जागी वाटलं की प्रत्येक जागी फट मिळते ०.१५ मिमी. वर्तमानपत्राच्या कागदाच्या दोन घड्यांएवढीसुद्धा जेमतेम. त्यातलं अर्धा मिमी वाटेत कुठे हरवलं, तर एक तृतीयांश फट गेली. मग प्लेटा एकमेकींना घासतच राहणार.

म्हणून तुमचं काम एवढंच: मिलिमीटर कुठे हरवतोय ते शोधायचं. लिव्हर, वायर, इंजिनावरचा आर्म (वायर जो दांडा ओढते तो), आणि मग आतलं. याच क्रमानं. ३१ वर्षं पिंपरीत मशिन शॉपमध्ये काढली, तिथे शिकलो ते हेच, की आधी मोजायचं, मग उघडायचं.

पाना_पक्कड | शनिवार, सकाळी ११:०५

काकांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. मी नाशिकची, माझ्या १२५ सीसीचं सगळं काम स्वतः करते. एका गोष्टीबद्दल आधीच सावध करते. गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन सुरू करून, क्लच दाबून पहिला गिअर टाकलात तर मागचं चाक फिरणारच. हवेत असलेलं चाक फिरवायला प्लेटांमधलं ऑइलसुद्धा पुरतं. ते बघून घाबरू नका. तेव्हा हळूच मागचा ब्रेक दाबा. चाक थांबलं आणि इंजिनचा आवाज तसाच राहिला, तर क्लच ठीक सुटतोय. ब्रेक दाबल्यावर इंजिन बसायला लागलं, बंद पडायला आलं, तर सुटत नाही. हात किंवा पाय घालून चाक थांबवायचा प्रयत्न कोणीही करू नका.

आणि दादा, त्रास थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? त्यावरून बरंच कळतं.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १:३०

ताई, ब्रेक दाबल्यावर इंजिन बंदच पडलं. त्रास दोन्ही वेळा आहे, पण गरम झाल्यावर जास्त.

काका, लिव्हरच्या टोकाला मोकळी चाल मोजली. ३५ मिमी! मॅन्युअलमध्ये १० ते २० लिहिलंय. म्हणजे लिव्हर अर्ध्यावर येईपर्यंत काहीच होत नाही.

लेथवाले काका | शनिवार, दुपारी १:५५

पहिला चोर सापडला. आता तो नीट पकडा. लिव्हरजवळचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून घ्या. मग इंजिनाकडच्या टोकाचे दोन नट सैल करून मोठा फरक तिथे काढा. शेवटचे दोन-तीन मिमी लिव्हरजवळ. उलट केलंत तर वरचा ॲडजस्टर सगळा बाहेर येतो, त्याचे आटे दोन-चारच पकडून राहतात आणि एके दिवशी तुटतो. १५ मिमीवर आणा. शून्यावर आणायचा मोह टाळा. मोकळी चाल अजिबात ठेवली नाही तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि स्लिप व्हायला लागतो.

लिव्हरचा पिव्हट बोल्टही काढून बघा. भोक अंडाकृती झालं असेल तर तिथेही चाल खाल्ली जाते.

रांगडी_बुलेट | शनिवार, दुपारी ४:२०

कोल्हापुरातनं नमस्कार. आमच्या घरात आजोबांपासनं जुनी बुलेट आहे, कास्ट आयर्नच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायात. तिचा क्लच डाव्या बाजूच्या चेनच्या चेंबरात, त्याचं ऑइलपण इंजिनापासनं वेगळं. रात्रभर उभी राहिली की प्लेटा चिकटतात, म्हणून सकाळी चावी न लावता क्लच दाबून दोन-तीन किका मारायच्या, क्लच सुटतो. आजोबा हे केल्याशिवाय गाडी चालू करत नव्हते आणि मीबी करत नाही. वाईकरांनीही सकाळी करून बघावं.

अजून एक, आजोबांनी शिकवलेलं. प्रेशर प्लेटचे स्क्रू कमी-जास्त आवळलेले असले की प्लेट तिरकी उचलली जाते. एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला चिकटलेलीच. आमच्यात तीन स्क्रू आहेत. कव्हर काढून, क्लच दाबून, किक हळू फिरवत ते प्लेटचं डुलणं डोळ्यांनी बघायचं आणि स्क्रू पाव-पाव आटा फिरवून सरळ करायचं. ते डुलणं थांबलं की गिअर लोण्यागत पडतो बघा.

पाना_पक्कड | शनिवार, संध्याकाळी ५:१०

दादा, तुमची किकची युक्ती बुलेटला बरोबर आहे, पण कृष्णाकाठ यांच्या गाडीला चालणार नाही. जुन्या बुलेटची किक गिअरबॉक्समधून, क्लचमधून इंजिन फिरवते. म्हणून क्लच दाबून किक मारली की प्लेटा एकमेकींवरून सरकतात. नंतरच्या बहुतेक गाड्यांत किक थेट क्लचच्या हाउसिंगला फिरवते. ओळखायची खूण सोपी: गिअरमध्ये असताना क्लच दाबून किक मारली आणि गाडी चालू झाली, तर किक हाउसिंगवर आहे. त्या गाड्यांत प्लेटा सोडवायच्या असतील तर इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबायचा आणि गाडी पुढे-मागे ढकलायची.

रांगडी_बुलेट | शनिवार, संध्याकाळी ५:२५

हे मला माहीत नव्हतं ताई. भावाच्या गाडीला उगाच किका मारत होतो. नीट सांगितलंत.

खळ्यातली_गाडी | शनिवार, रात्री ९:००

रत्नागिरीहून लिहितेय. चिकटण्याचाच विषय निघाला म्हणून. आमच्याकडे जूनपासून गाडी पडवीत झाकून ठेवली, गणपतीत काढली. क्लच दाबून गिअर टाकला की गाडी सरळ बंद पडे, प्लेटा एकजीव झालेल्या. ढकलून काही होईना. शेजारच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे इंजिन वीस मिनिटं न्यूट्रलला चालवून चांगलं गरम केलं, बंद केलं, मग लिव्हर दाबून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं हँडलला रात्रभर घट्ट बांधून ठेवली. सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये दोघांनी पुढे-मागे हलवली तर कट्ट असा आवाज होऊन सुटली. त्यानंतर ऑइल बदललं. आता पावसाळ्यात गाडी बंद ठेवायची वेळ आली तर पंधरा दिवसांनी एकदा गरम करून क्लच पाच-पन्नास वेळा दाबते. चार महिने बंद राहिलेल्या गाडीचा क्लच उघडायच्या आधी हे जरूर करून बघा.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११:४५

लिव्हर १५ मिमीवर आणली. फरक पडला, पण अर्धाच. पहिल्या गिअरचा खाडकन आवाज कमी झाला. न्यूट्रल थंड असताना पाच वेळांतून दोनदा लागतं, गरम झाल्यावर अजिबात नाही. पिव्हटचं भोक ठीक आहे. काका, आता वायर कशी तपासू?

लेथवाले काका | रविवार, दुपारी १२:३०

घरातल्या कोणालातरी लिव्हर दाबायला बसवा. तुम्ही खाली इंजिनाच्या आर्मपाशी बसा. आर्मच्या टोकाला स्केचपेननं रेघ मारा, शेजारी स्टीलची पट्टी धरा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर आर्म किती मिमी हलतो ते मोजा. मग वरती तेच मोजा: लिव्हर दाबल्यावर आतली तार किती बाहेर खेचली जाते. दोन्ही आकडे इथे लिहा.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १:२०

धाकट्या बहिणीनं लिव्हर दाबली. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. वरती तार १३ मिमी खेचली जाते. खाली आर्म ७ मिमी हलतो.

लेथवाले काका | रविवार, दुपारी १:४०

१३ मधले अडीच-तीन मिमी मोकळ्या चालीत गेले, ते जायलाच हवेत. खाली १० यायला पाहिजेत, ७ येतायत. तीन मिमी वायरीच्या पोटात गेले. क्लचच्या वायरीचं बाहेरचं कव्हर म्हणजे आतून पोलादी तारेचं वेटोळंच असतं. ते कुठेतरी उघडलं की लिव्हर दाबताना आतली तार आर्म ओढत नाही, कव्हरच आखडतं. हँडलखालच्या वळणापाशी आणि टाकीखाली बोटानं चाचपत जा. लिव्हर दाबली-सोडली की जिथे कव्हर फुगल्यासारखं हलेल, तिथे दोष.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:३०

सापडलं! टाकी काढली. पुढच्या बाजूला वायरीवरचं काळं प्लास्टिक दोन इंच उभं फाटलेलं, आतलं वेटोळं गंजून मोकळं झालेलं, लिव्हर दाबली की गांडुळासारखं आखडत होतं. वरच्या टोकाच्या निपलपाशी आतल्या तारेचे चार धागेही तुटलेले. अजून महिनाभर चालवली असती तर घाटात तुटली असती.

नवी वायर आणली. टाकताना जुनी जशी गेली होती तशीच नेली, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येत नाही ना ते बघितलं. आता आर्म १० मिमी हलतो. आणि थंड गाडीला न्यूट्रल लागतंय! लिव्हर इतकी हलकी झाली की बहीण म्हणाली, ही वेगळीच गाडी वाटते.

पण बावधनपर्यंत जाऊन आलो, गरम झाल्यावर परत खाडकन. पूर्वीइतकं नाही, पण आहे.

पाना_पक्कड | रविवार, रात्री ८:००

छान काम झालंय. आता उघडण्याआधी शेवटचा प्रश्न ऑइलचा. गॅरेजात कुठलं टाकलं होतं? मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना त्याहून दाट २०डब्ल्यू-५० टाकलं तर थंडीत प्लेटा चिकटून चालतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असावं, ते ओल्या क्लचसाठीच असतं. कारचं ऑइल टाकू नका, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच स्लिप होतो. आणि खिडकीतून पातळी बघा, वरच्या रेघेच्या वर नको.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:२०

ऑइल मॅन्युअलप्रमाणेच, एमए२, दोन महिन्यांपूर्वीचं, पातळी मध्यावर.

लेथवाले काका | रविवार, रात्री ९:१०

मग उघडा. बाहेरचे सगळे मिलिमीटर परत मिळाले, राहिलेला चोर आत आहे. गरम झाल्यावर वाढतंय म्हणजे स्टीलची प्लेट वाकलेली असू शकते. किंवा हाउसिंगच्या बोटांना (ज्या उभ्या पट्ट्यांवर प्लेटा पुढे-मागे सरकतात त्यांना) खाचा पडल्या असतील. गॅरेजवाले हाउसिंग म्हणाले ते कदाचित खरंही असेल. पण ते बघून म्हणाले की न बघता, ते आपल्याला कळलं पाहिजे.

तयारी सांगतो. कव्हरचं पॅकिंग आधी आणून ठेवा, जुनं परत वापरू नका. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि ते दुखणं या क्लचपेक्षा मोठं. गाडी साइड स्टँडवर डावीकडे चांगली कलती ठेवलीत तर ऑइल डाव्या बाजूला जाऊन बसतं. तरी खाली परात ठेवा. कव्हर निघालं नाही तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोका. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेलच्या दोन नळ्या कव्हरात अडकून निघतात, त्या हरवू नका. किकचा शाफ्ट कव्हराबरोबर ओढला जाणार नाही याकडे लक्ष ठेवा.

कृष्णाकाठ | पुढचा शनिवार, दुपारी १२:१०

उघडलं. लिहिताना हाताला अजून ऑइल आहे.

कव्हर तुमच्या पद्धतीनं निघालं. स्प्रिंगचे चार बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा करत सैल केले. स्प्रिंगांची लांबी व्हर्नियरनं मोजली, चौघींत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक नाही. प्लेटा एकेक काढून वर्तमानपत्रावर क्रमानं मांडल्या. लायनरच्या नव्या आहेत, सगळ्या ३ मिमीच्या आसपास. स्टीलच्या चारही काचेवर ठेवल्या, टीपॉयची जाड काच काढून घेतली होती. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) ०.१० मिमीचं पान कुठेच शिरलं नाही. मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२० आहे. म्हणजे वाकलेल्या नाहीत.

पण हाउसिंगची बोटं बघून डोळे उघडले. प्रत्येक बोटाच्या एका कडेला ओळीनं पाच खाचा, करवतीच्या दातांसारख्या. नख फिरवलं तर प्रत्येक खाचेत अडकतं. प्लेटेचा कान (कडेला बाहेर आलेला दात) त्या खाचेत बसवून बाहेर ओढला तर सरकत नाही, आधी अडकतो आणि मग एकदम सुटतो.

लेथवाले काका | शनिवार, दुपारी १२:४०

हाच. आता कळलं का की नव्या प्लेटांनी त्रास का वाढला? त्या खाचा जुन्या प्लेटांच्या कानांनी ठोकून ठोकून पाडल्या. जुन्या प्लेटा झिजून पातळ झाल्या, त्यांची जागा थोडी थोडी सरकत गेली आणि त्यांनी आपल्यापुरती खाच रुंद करून घेतली. नव्या जाड प्लेटांचे कान त्या खाचांच्या काठावर येऊन बसले. लिव्हर दाबली की कानांना सरकायचं असतं, पण इंजिन त्यांना खाचेच्या भिंतीवर दाबून धरतं. त्यात एक प्लेट अडकली तरी तिच्या मागच्या सगळ्या अडकतात.

खाच किती खोल आहे? बोटाच्या कडेवर सरळ पट्टी धरा आणि खाली फीलरची पानं घालून बघा.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी १:०५

सगळ्यात खोल जागी ०.३० चं पान जातं, ०.३५ चं जात नाही.

रांगडी_बुलेट | शनिवार, दुपारी १:३०

मग कानस मारून काम होतंय की. हाउसिंग टाकू नका.

पाना_पक्कड | शनिवार, दुपारी २:००

माझं मत थोडं वेगळं आहे. कानस मारली की बोट तेवढं बारीक होतं, प्लेटेच्या कानाला जास्त मोकळी जागा मिळते, आणि मग तो पुढच्या वेळी जास्त जोरानं आदळतो. खाचा पुन्हा पडतात, लवकर पडतात. ०.३ मिमीला मी कानस मारीन, पण हे कायमचं नाही हे धरून चाला. अर्धा मिमीच्या वर असतं तर मी नवीन हाउसिंगच सांगितलं असतं.

लेथवाले काका | शनिवार, दुपारी २:२०

ताईंचं बरोबर आहे, आणि ०.३ ला कानसच योग्य. पण हाउसिंग गाडीवरून उतरवून. जागेवर कानस मारून चिंध्या कोंबणारे बघितलेत. ॲल्युमिनियमचा चुरा कितीही जपलं तरी ऑइलमध्ये जातो आणि पंपातून सगळीकडे फिरतो. मधला नट काढा. त्याच्या वायसरची जीभ वाकवलेली असेल, ती आधी सरळ करा. नट खोलताना दातांमध्ये नाणं किंवा पेचकस अडकवू नका, दात मोडतो. स्पेअरच्या दुकानातून एक टाकाऊ स्टील प्लेट मागून घ्या आणि वेल्डिंगवाल्याकडून तिला दोन फुटांची पट्टी जोडून घ्या. ती हबमध्ये बसते, हबला धरून ठेवते. नटाला धक्का देऊ नका, लांब दांडा लावून एकसारखा जोर द्या.

कानस बारीक दाताची, सपाट. खाच जिथे सगळ्यात खोल आहे तिथपर्यंतच, त्यापुढे एक घासही नाही. सगळ्या बोटांवर सारखे घास, मोजून. कड बोटाला काटकोनात राहिली पाहिजे, गोल झाली तर कान टोकावर टेकतो. शेवटी ४०० चा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून. हबच्या दातांवरही बोट फिरवून बघा, स्टीलच्या प्लेटा तिथेही खाचा पाडतात.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:५०

आख्खा दिवस गेला, पण काय दिवस होता!

नट पट्टीच्या हत्यारानं निघाला. हाउसिंगच्या मागे थ्रस्ट वायसर चिकटून आला, फोटो काढून ठेवला होता म्हणून कुठल्या बाजूनं बसतो ते कळलं. हाउसिंग अंगणात जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीत घेतलं. प्रत्येक कडेला आधी स्केचपेन फिरवला आणि शाई जिथे पुसली जाते तिथे कानस लागतेय हे बघत गेलो. खाचेच्या तळाशी शाईची केसाएवढी रेघ उरली की थांबलो. एकेका बोटाला २० ते २५ घास लागले. हबचे दात स्वच्छ निघाले. मग पेट्रोलनं धुवून, हवा मारून, पांढरं फडकं फिरवून चमक येत नाही ना ते तपासलं.

लायनरच्या प्लेटा रात्रभर इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. गॅरेजात त्या कोरड्याच बसवल्या असणार, कारण काढल्या तेव्हा दोन प्लेटांवर काळपट डाग होते. स्टीलच्या प्लेटांची गोल कड सगळ्यांची एकाच दिशेला केली. नव्या वायसरची जीभ वाकवली. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे आवळले, टॉर्क पाना मित्राकडून आणून १२ न्यूटन मीटरवर.

लेथवाले काका | रविवार, संध्याकाळी ६:१०

शाबास. शाईची युक्ती उत्तम. आता मोजा. सामानाची पिशवी मोजायचा हुकाचा काटा आहे का घरी?

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ६:२०

आहे, पण कशाला?

लेथवाले काका | रविवार, संध्याकाळी ६:३५

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, पहिला गिअर, लिव्हर दाबून बांधलेली. मागच्या टायरला दोरी गुंडाळून तिला काटा अडकवा आणि हळू ओढा. चाक फिरत राहील तेवढ्याला काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. 'आता बरं वाटतंय' यापेक्षा आकडा बरा. पुढे कधी शंका आली तर परत मोजता येतो.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:४५

थंड गाडीला दीड किलो. मग पसरणी घाट चढून पाचगणीपर्यंत गेलो, परत आलो आणि गरम असतानाच पुन्हा ओढून बघितलं: एक किलो शंभर ग्रॅम. उघडण्याआधी मोजायला हवं होतं, पण तेव्हा क्लच दाबून हातानं चाक फिरवायला दोन्ही हात लागत होते एवढं आठवतं.

घाटात शेवटच्या वळणावर एक ट्रक अडकला होता, रांगेत उभा होतो. क्लच दाबला, पायानं हलकं उचललं आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. इंजिन चालू असताना. मी परत पहिला टाकला, परत न्यूट्रल लावलं. सात-आठ वेळा केलं. वडील असते तर म्हणाले असते, खेळतोयस काय रस्त्यात.

खळ्यातली_गाडी | रविवार, रात्री ९:१५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. मनापासून अभिनंदन.

रांगडी_बुलेट | रविवार, रात्री ९:३०

लई भारी! जुन्या प्लेटा गॅरेजवाल्यांनी परत दिल्या होत्या का? फेकू नका.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:४०

मागून घेतल्या होत्या. आज मोजल्या, २.८ मिमी. मॅन्युअलची मर्यादा २.६. म्हणजे त्या चांगल्याच होत्या. पुसून, ऑइल लावून, तारीख आणि किमी लिहून डब्यात ठेवल्यात.

लेथवाले काका | सोमवार, सकाळी ७:३०

नव्या वायरीचं कव्हर सुरुवातीला थोडं बसतं, मोकळी चाल वाढते. १०० किमीनंतर परत १५ वर आणा. पॅकिंगच्या खालच्या कडेला ऑइल झिरपतंय का तेही तेव्हाच बघा, आणि पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा ड्रेनच्या बोल्टवर चकाकणारा चुरा दिसतो का ते बघा.

कृष्णाकाठ | दहा दिवसांनी, सकाळी ८:०५

काका, १२० किमी झाले. चाल २१ मिमी झाली होती, १५ वर आणली. पॅकिंग कोरडं आहे. मन राहवेना म्हणून ऑइल आत्ताच बदललं, पांढऱ्या परातीत उन्हात धरून बघितलं. चुरा नाही.